झिरमिळ्यांचं ख्रिसमस ट्री: एकेक पट्टी सरळ लोंबवण्याची पद्धत

सुट्या चंदेरी झिरमिळ्यांनी सजवलेलं झाड बिघडतं ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी. एकतर झिरमिळ्या मूठमूठ घेऊन झाडावर भिरकावल्या जातात. नाहीतर त्या भलत्याच वेळी लावल्या जातात: आधी झिरमिळ्या, मग दिव्यांची माळ, मग गोळे आणि सगळ्यात शेवटी स्टुलावर चढून शेंड्यावरचा तारा. दोन्हींचा शेवट सारखाच होतो. फांद्यांवर चकचकीत गुंते पडून राहतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘पुढच्या वर्षी नको हे.’

हा लेख कोणत्या वस्तूबद्दल आहे ते आधी सांगतो. दोरीभोवती गुंडाळलेली जाड, केसाळ चमकीची माळ मिळते, तिच्याबद्दल हा लेख नाही. ती फांद्यांवरून वेटोळी फिरवली की काम संपलं. इथे विषय आहे तो एक-दोन मिलिमीटर रुंद आणि साधारण ४० ते ५० सेंटिमीटर लांब अशा सुट्या पट्ट्यांचा. जर्मनीत दुकानात ‘लामेटा’ म्हणून मागायच्या, अमेरिकेत ‘आयसिकल्स’ म्हणून. फांदीवरून गोठून लोंबणारं पाणी दिसावं, एवढाच त्यांचा हेतू. म्हणून खालचा प्रत्येक टप्पा एकाच गोष्टीसाठी आहे: प्रत्येक पट्टी सुटी, सरळ आणि खाली कशालाही न टेकता लोंबली पाहिजे.

सुरुवातीआधी: घरात मांजर आहे का?

असेल तर इथेच थांबा आणि केसाळ माळसुद्धा आणू नका. हलणारी, चमकणारी पट्टी मांजर सोडत नाही आणि बऱ्याचदा गिळतं. पट्टीचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, उरलेली पट्टी आतड्यात सरकत राहते आणि आतडं तिच्यावर चुण्या पडून गोळा होतं. त्यातून आतडं कापलंही जाऊ शकतं, आणि मग शस्त्रक्रियेला पर्याय राहत नाही. कुत्र्याच्या पिल्लांनाही हाच धोका असतो.

सावधान: प्राण्याच्या तोंडातून किंवा शेपटीखालून पट्टीचं टोक बाहेर दिसलं तर ओढू नका. ओढल्याने आतली इजा वाढते. तसंच उचलून पशुवैद्याकडे न्या.

सगळं तोंडात घालायच्या वयाचं बाळ घरात असेल, तर झाडाचा खालचा कंबरेएवढा भाग मोकळा ठेवा. दिसायला विचित्र वाटेल असं वाटतं, पण वाटत नाही. खाली कापडी किंवा लाकडी खेळणी टांगा.

टप्पा १: हातातली झिरमिळी कशाची आहे ते ओळखा

हा टप्पा लोक सोडूनच देतात. पण पट्टी कशी लोंबेल, दिव्यांजवळ चालेल का आणि मुलांच्या हातात देता येईल का, हे सगळं ती कशाची आहे यावर ठरतं.

*प्लास्टिकची.* आज दुकानात मिळते ती बहुधा हीच: प्लास्टिकच्या पातळ फितीवर धातूचा मुलामा. वजन जवळजवळ नाही. चुरगाळून सोडली तर परत उलगडते. बोटांना, स्वेटरला आणि एकमेकींना चिकटते. लोंबवायला सगळ्यांत अवघड हीच, पण मुलांच्या हातात द्यायला त्यातल्या त्यात बरी.

*अॅल्युमिनियमची.* चुरगाळली की तशीच राहते, पण हलकी असते. कडक घडी पडली की तिथेच तुटते.

*कथलाची किंवा शिशाची.* जुन्या झाडांच्या फोटोंत सरळ धार धरलेल्या पट्ट्या दिसतात त्या या. हातात घेतल्यावर वजन जाणवतं, रंग थोडा करडा असतो आणि मोडल्यावर जराही उसळत नाहीत. कागदावर ओढून पाहा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला.

शिशाच्या झिरमिळ्या अमेरिकेत १९७२ नंतर बाजारातून गेल्या, कारण त्या मुलांना धोकादायक आहेत असा निष्कर्ष तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने काढला. जुन्या सामानाच्या बाजारात, एखाद्या शेजारीणबाईंच्या माळ्यावरच्या खोक्यात किंवा ऑनलाइन लिलावात त्या अजून सापडतात. युरोपातल्या आठवडी जुन्या बाजारांत पिवळट पाकिटावर सुंदर चित्र पाहून त्या उचलणारे पुष्कळ आहेत. लहान मुलं आणि प्राणी असलेल्या घरात त्या नकोतच. मोठ्यांच्याच घरात वापरणार असाल तर हातमोजे घाला, काम झाल्यावर हात साबणाने धुवा, आणि जेवणाच्या टेबलावर पसारा मांडू नका. टाकून द्यायच्या असतील तर घरच्या कचऱ्यात नाही, घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर.

पाकीट मिळालंच नाही तर घरी कापता येतात. भेटवस्तू गुंडाळायला चंदेरी मुलाम्याची प्लास्टिकची शीट मिळते, ती घ्या. खाली जाड पुठ्ठा, वर स्टीलची पट्टी, हातात नवं पातं घातलेला कटर. दोन मिलिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर लांब कापा. कात्रीने कापू नका, कडा वाकड्या येतात आणि पट्टी पीळ घेते. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइलही घेऊ नका, इतकी अरुंद कापली की लावण्याआधीच फाटते.

टप्पा २: झाड पारखा आणि त्याला बसू द्या

झिरमिळ्यांना हवी असते ती दोन फांद्यांमधली पोकळी. झाड जितकं गच्च, तितक्या पट्ट्या लोंबण्याऐवजी आडव्या पडणार.

जर्मनीत सर्रास मिळणारं नॉर्डमन फर या कामाला उत्तम आहे: फांद्या ताठ, थर स्पष्ट, सुया मऊ. अमेरिकेत फ्रेझर फर तसंच वागतं. निळं स्प्रूस दिसायला देखणं, पण सुया टोचतात आणि बाहीला अडकलेली झिरमिळी त्यांतून सोडवताना तुटते. शेतात छाटून छाटून शंकूसारखं घट्ट केलेलं पाइन मिळालं, तर फांद्यांच्या टोकांपुरत्याच झिरमिळ्या लावायच्या असं आधीच ठरवून टाका. आत घुसवण्याच्या फंदात पडू नका.

ताजं झाड आणलं की बुंध्याचा खालचा दोन-तीन सेंटिमीटरचा काप नव्याने काढा आणि लगेच पाण्यात उभं करा. जुन्या कापावर राळ साकळलेली असते, त्यातून झाड पाणी ओढत नाही. पहिल्या दिवशी ते भराभर पाणी पितं, तेव्हा पातळी कापाच्या खाली जाऊ देऊ नका. जाळीतून सोडवलेल्या फांद्या उबदार खोलीत हळूहळू खाली येतात. त्या खाली यायला एक अख्खा दिवस द्या. संध्याकाळी झाड आणून रात्रीच सजवलं, तर सकाळी फांद्या उतरलेल्या असतात, दोन थरांतलं अंतर बदललेलं असतं आणि काल मोकळ्या लोंबणाऱ्या पट्ट्या आज खालच्या फांदीवर गोळा झालेल्या दिसतात.

कृत्रिम झाडाच्या तारेच्या फांद्या एकेक करून उलगडा. मधल्या डहाळ्या आडव्या आणि बाजूच्या थोड्या वर वळवा. खोक्यातून काढून नुसतं झटकलेलं झाड झिरमिळ्यांना निरुपयोगी.

वसईत, मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वाड्यांत आणि गोव्यात सुरूची फांदी कुंडीत किंवा वाळूच्या बादलीत रोवून नाताळचं झाड करण्याची रीत आहे. सुरूच्या डहाळ्या मुळातच खाली झुकलेल्या आणि गुळगुळीत असतात, त्यामुळे पट्टी घसरते. तिथे धातूची नको, प्लास्टिकचीच घ्या, आणि डहाळीला एक वेढा देऊन लावा. सुरू लवकर वाळतं, म्हणून फांदी फार आधी तोडू नका, फक्त एक-दोन दिवस आधी तोडा आणि वाळू ओली ठेवा. नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत मिळणारं अरोकेरिया हे मात्र या कामासाठीच जन्मलेलं झाड: सपाट, ठरावीक अंतरावरचे थर आणि मध्ये भरपूर मोकळी हवा. ते जिवंत आहे हे लक्षात ठेवून मोजक्याच झिरमिळ्या लावा आणि शेंडा दुखावेल असं काहीही त्याला बांधू नका. तो मोडला की झाडाचा आकार पुन्हा तसा येत नाही.

तपासणी: झाडाकडे बाजूने पाहा. वरच्या आणि खालच्या फांदीच्या टोकांमध्ये निदान अर्धी वीत मोकळी जागा दिसते का? जिथे दिसत नाही, तिथे झिरमिळी लावायची नाही.

टप्पा ३: खोलीतला वारा आणि कोरडेपणा

हीटरच्या झोतात, दाराच्या वाटेवर किंवा पंख्याखाली झाड ठेवू नका. आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारीही पंखा चालू असतो. तो दुसऱ्या वेगावर असला तरी हलक्या झिरमिळ्या तासाभरात एकमेकींत गुंततात. झाडाची जागा पंख्यापासून दूर काढता येत नसेल, तर धातूच्या पट्ट्या शोधा किंवा हा प्रकार सोडून द्या.

थंड देशांत अडचण उलटी असते. हिवाळ्यात हीटर लावलेली खोली इतकी कोरडी होते की प्लास्टिकच्या पट्ट्यांवर स्थिर वीज साठते. पट्टी फांदीवरून लोंबण्याऐवजी फांदीलाच आडवी चिकटते, नाहीतर तुमच्या हाताकडे उडी घेते. उपाय सोपे आहेत. लोकरीचा स्वेटर काढून सुती कपडे घाला. खोलीत वाफेचं यंत्र किंवा हीटरजवळ पाण्याचं पसरट भांडं ठेवा. हात अगदी किंचित ओलसर करा. कपडे वाळवायच्या यंत्रात टाकतात तो मऊ करणारा रुमाल पट्ट्यांच्या जुडीवरून एकदा फिरवला, तर निम्मा त्रास जागच्या जागी थांबतो.

टप्पा ४: आधी बाकी सगळं

क्रम असा: दिवे, मग माळा असतील तर त्या, मग गोळे आणि खेळणी, मग शेंड्यावरचा तारा, आणि त्यानंतर झिरमिळ्या. झिरमिळ्यांनंतर झाडाला काहीही लावायचं नाही. एक गोळा विसरला असेल तर तो विसरलेलाच राहू द्या.

दिवे खोडाजवळून सुरू करून फांदीच्या टोकापर्यंत आणि परत आत, असे न्या. नुसते बाहेरून गुंडाळलेले दिवे झिरमिळ्यांच्या पुढे येतात आणि पट्ट्या मागे काळपट दिसतात. उजेड मागून किंवा बाजूने यायला हवा. पिवळसर दिवे मला जास्त आवडतात. पांढऱ्या-निळ्या उजेडात चंदेरी पट्टी पत्र्यासारखी दिसते. रंगाचा विषय निघालाच आहे तर: सोनेरी झिरमिळ्या हिरव्यावर दिवसा वाळलेल्या गवताच्या रंगाच्या दिसतात. चंदेरीच घ्या.

जड काचेचे गोळे खोडाकडे, हलके टोकाकडे. प्रत्येक गोळ्याखाली आणि आजूबाजूला बोटभर जागा मोकळी सोडा, पुढे ती लागणार आहे.

आता विजेचं. धातूच्या पट्ट्या वीज वाहून नेतात, आणि प्लास्टिकवरचा मुलामाही धातूचाच असतो. त्यामुळे थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या, होल्डर उघडे पडलेल्या किंवा चिकटपट्टी लावून जोडलेल्या जुन्या माळा या झाडावर चालणार नाहीत. अॅडॉप्टरवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या कमी दाबाच्या एलईडी माळा वापरा. बारीक उघड्या तांब्याच्या तारेसारख्या दिसणाऱ्या माळांवर लाखेचा पातळ थर असतो. तो खरवडला गेलेला नाही ना, ते पाहून घ्या.

सावधान: झिरमिळ्या लावत असताना माळेचा प्लग भिंतीतून काढलेला असू द्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

सावधान: झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायची पद्धत जर्मनीतल्या काही घरांत अजून आहे. मेणबत्त्या आणि प्लास्टिकच्या झिरमिळ्या एका झाडावर कधीही नाहीत. दोन्हींतलं एक निवडा.

तपासणी: दिवे लावून दहा मिनिटं जळू द्या. एखादा तुकडा विझलेला असेल तर आत्ताच बदला. झिरमिळ्यांखालून माळ ओढून काढणं म्हणजे सगळं काम नव्याने करणं.

टप्पा ५: पट्ट्या मोकळ्या करा

पाकीट फाडून सगळं टेबलावर ओतलंत तर शेवयांच्या गुंत्यापुढे बसावं लागेल. पाकिटात पट्ट्या एका पुठ्ठ्यावर किंवा कागदी पट्ट्यात दुमडलेल्या असतात. पट्टा काढू नका. पुठ्ठा खुर्चीच्या पाठीला कपड्यांच्या चिमट्याने लावा, पट्ट्या खाली लोंबू द्या आणि वरून तीस-चाळीस पट्ट्यांची जुडी ओढून घ्या. ती डाव्या मनगटावर टाका. उजव्या हाताने तिच्यातून एकेक सुटते. डावखुऱ्यांनी उलट करा.

गेल्या वर्षीच्या घडी पडलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतील, तर जुडी चिमट्यात धरून दाराच्या कडीला रात्रभर टांगून ठेवा. इस्त्रीला हात लावू नका, प्लास्टिक आक्रसतं. धातूच्या पट्ट्या टेबलावर मऊ कापड घालून त्यावर ठेवा आणि दुसऱ्या कापडाने एका टोकाकडून दुसरीकडे अलगद निपटा. ओढू नका, दाबत सरकवा.

किती लागतील? साधारण सहा फुटी झाडाला पाचशे पट्ट्या विरळ दिसतात, हजारांत ते भरल्यासारखं दिसतं. एका पट्टीला सहा सेकंद धरले तरी हजारांना शंभर मिनिटं होतात. म्हणजे ही रात्रीच्या जेवणानंतर ‘पटकन’ उरकायची गोष्ट नाही. जर्मनीत झाड चोवीस तारखेला सजवायची रीत आहे आणि त्याच संध्याकाळी भेटवस्तू उघडतात. तिथे सकाळीच बसा. दोघं असाल तर एकाने पट्ट्या सोडवून हातात द्याव्यात, दुसऱ्याने लावाव्यात. दोघांनी दोन बाजूंनी लावायला घेतलं की दोन वेगळी झाडं होतात.

टप्पा ६: लावणं

६.१ घडी कुठे घालायची. पट्टी अर्ध्यात मोडून लावायची की टोकाजवळ, यावर घरोघरी वाद होतात. उत्तर झाडच देतं. लावायच्या जागेपासून खालच्या फांदीपर्यंतचं अंतर वितीने मोजा. वीतभर किंवा थोडं जास्त असेल तर ४५ सेंटिमीटरची पट्टी बरोबर अर्ध्यात, म्हणजे दोन्ही बाजू साधारण साडेबावीस सेंटिमीटर लोंबतील. काटेकोर मोजमाप नको, दोन टोकं बोटभर मागेपुढे असलेलीच बरी दिसतात. दोन विती मोकळ्या असतील तर एक तृतीयांशावर घडी घाला: एक बाजू आखूड, एक लांब. आखूड बाजू चार बोटांपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर लांब बाजू तिला ओढून घेऊन खाली पडते. वितीपेक्षा कमी जागा असेल तर पट्टी कापून अर्धी करा. शेंड्याजवळच्या दोन-तीन थरांना नेहमी अर्ध्याच पट्ट्या लागतात, त्या आधीच कापून वेगळ्या ठेवा.

६.२ वरून खाली. शेंड्यापासून सुरुवात करा आणि एकेक थर पूर्ण करत खाली या. खालून सुरुवात केली तर वरचं काम करताना तुमची बाही खालच्या लावलेल्या पट्ट्या ओढत राहते. स्टुलावर उभं राहून हात खोडाच्या पलीकडे घालू नका, स्टूल फिरवा.

६.३ आतून बाहेर. प्रत्येक फांदीवर आधी खोडाकडच्या भागात दोन-तीन पट्ट्या. या पुढून थेट दिसत नाहीत, पण दिव्यांच्या मागे चमकतात आणि झाडाला खोली देतात. मग मधल्या भागात थोड्या. सगळ्यांत जास्त बाहेरच्या तिसऱ्या भागात, साधारण दोन बोटांच्या अंतराने. अगदी टोकावर मात्र नाही. टोक खाली झुकलेलं असतं, पट्टी तिथून घसरते. टोकापासून बोटभर आत, सुयांच्या बेचक्यात ती बसवा.

६.४ हाताची हालचाल. पट्टी दोन्ही हातांत, घडीच्या दोन्ही बाजूंना धरा. फांदीवर वरून अलगद टेकवा, घडी सुयांत किंचित दाबा, आणि दोन्ही हात एकदम सोडा. सोडल्यावर पट्टी खालून ओढून ‘सरळ’ करू नका. प्लास्टिकच्या पट्टीवर बोट घासलं की ती पुन्हा भारली जाते आणि वळते. वाकडी बसली तर उचला आणि परत टेकवा. धातूची पट्टी नुसती टेकवली तरी वजनाने उभी राहते. प्लास्टिकची सरकत असेल तर डहाळीला एक वेढा द्या, गाठ मात्र नको.

६.५ गोळ्यांना झाकू नका. पट्टी गोळ्यावर पडली की दोन्हींची चमक मरते. गोळ्याच्या डावी-उजवीकडून पट्ट्या जाऊ द्या, समोरून नाही. काच, लाकूड, गवताचे तारे, जे असेल ते पट्ट्यांच्या मधून दिसायला हवं.

६.६ निम्म्यावर थांबा. पहिल्या फेरीत पाकिटातल्या निम्म्याच पट्ट्या वापरा आणि शेंड्यापासून तळापर्यंत एकदा पोहोचा. वरचे दोन थर भरगच्च आणि खाली येईपर्यंत पाकीट रिकामं, हा फार नेहमीचा घोटाळा आहे. खालचा घेर वरच्याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे नजरेला वाटतं त्याहून जास्त पट्ट्या तिथे लागतात.

तपासणी: एक थर झाला की खाली वाकून त्या फांद्यांकडे खालून पाहा. पट्टीचं टोक खालच्या फांदीवर किंवा गोळ्यावर टेकलेलं दिसलं तर तिची घडी सरकवा किंवा टोक कापा. हे आत्ताच करा, पुढचा थर लागल्यावर तिथे हात पोचत नाही.

टप्पा ७: लांबून पाहा, मग दुसरी फेरी

खोलीतले दिवे बंद करा, झाडाचे लावा आणि दाराशी जाऊन डोळे किलकिले करून पाहा. झाडाचा आकार दिसायला हवा, पट्ट्यांचा नाही. जिथे चमक साचून पांढरा डाग दिसतो तिथे गुच्छ झालेला आहे, तो काढून सुटा करा. जिथे काळं भगदाड दिसतं तिथे दुसऱ्या फेरीतल्या पट्ट्या जातील. मग खोलीतले दिवे लावून पुन्हा पाहा, कारण झाड दिवसभर त्याच उजेडात दिसणार आहे. दुसऱ्या फेरीआधी प्लग पुन्हा काढायला विसरू नका.

भिंतीकडची बाजू रिकामी ठेवली तरी चालेल. खिडकीत असेल तर मात्र रस्त्यावरून तीच दिसते.

उरलेल्या पट्ट्या ‘संपवून टाकू’ म्हणून लावू नका. हिरवं दिसायचं थांबलं की सजावट संपली आणि झाकणं सुरू झालं.

टप्पा ८: रोजचं

ताज्या झाडाला रोज पाणी. भांडं भरताना खालच्या पट्ट्या पाण्यात बुडत नाहीत ना, ते पाहा. लांब नळीची झारी असेल तर झाडात वाकावं लागत नाही. सुया गळायला लागल्या की त्यांच्याबरोबर पट्ट्याही खाली येतात.

खाली पडलेल्या पट्ट्या हाताने किंवा ओल्या फडक्याने उचला. व्हॅक्युम क्लीनरच्या फिरत्या ब्रशला त्या इतक्या घट्ट गुंडाळल्या जातात की कात्रीने कापून काढाव्या लागतात. आपोआप फिरणारा यंत्रझाडू घरात असेल तर तो नाताळाचे दिवस बंद ठेवा. पडलेली पट्टी प्लगच्या किंवा अॅडॉप्टरच्या आसपास नाही, हे रोज रात्री एकदा पाहायचंच.

टप्पा ९: उतरवणं आणि ठेवणं

उतरवताना क्रम बरोबर उलटा: सगळ्यांत आधी झिरमिळ्या. बहुतेक घरांत सहा जानेवारीला, म्हणजे तीन राजांच्या सणाला, झाड उतरतं, आणि तोवर कंटाळा आलेला असतो. मग गोळे, दिवे ओरबाडून काढले जातात आणि पट्ट्या झाडाबरोबर जातात. असं करू नका. जर्मनीत आणि अमेरिकेत बऱ्याच नगरपालिका झाडं गोळा करून त्यांचा भुगा किंवा खत करतात, आणि झिरमिळ्या राहिलेलं झाड त्या घेत नाहीत. सुरूच्या वाळक्या फांद्या वाडीत जाळायच्या असतील तर प्लास्टिकची एकही पट्टी त्यांवर राहू देऊ नका.

खालून वर जा, लावण्याच्या उलट. पट्टी घडीपाशी चिमटीत धरून वर उचला, टोकाने खेचू नका. दहा-बारा जमल्या की टोकं जुळवून जुडी करा. तळहाताएवढ्या रुंद पुठ्ठ्याला दोन्ही कडांवर खाचा पाडा, जुडीचं एक टोक खाचेत अडकवा आणि सैल गुंडाळा. ताणून गुंडाळलेल्या प्लास्टिकला कायमचा पीळ बसतो. धातूच्या पट्ट्या गुंडाळूच नका. त्या लांबट खोक्यात पातळ कागदाच्या थरांमध्ये सरळ आडव्या ठेवा, आणि शिशाच्या असतील तर खोक्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहा, म्हणजे पुढे ते उघडणाऱ्याला कळेल.

तुटलेल्या, बोटभर उरलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यांना एका लिफाफ्यात ठेवा. शेंड्याजवळच्या पहिल्या थराला पुढच्या वर्षी तेच लागतात.